आधी ठिपका, मग पाना

निरंजन सोळुंकेला चुका दिसतात. इतरांना न दिसणाऱ्याही दिसतात. हॉटेलात चहा आला की तो आधी कपाची कड बघतो, लग्नाला गेला की मांडवाचा खांब हलवून बघतो, आणि चऱ्होलीतला फ्लॅट ताब्यात घेताना त्याने फरशांमधल्या फटी अशा काही मोजल्या होत्या की साइटवरचा सुपरवायझर अजूनही त्याला पाहून रस्ता बदलतो. महाळुंग्याच्या एका कंपनीत बावीस वर्षं तो तपासणी खात्यात आहे. गाड्यांच्या ब्रेकला लागणारा एक भाग तिथे तयार होतो. तयार करणारे वेगळे, त्यात खोट काढणारा निरंजन. खोट काढायचा पगार मिळावा, असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं?

घरी मात्र हे काम तो फुकट करायचा. खालची गोष्ट तो आता स्वतःच चारचौघांत सांगतो, आणि सांगताना स्वतःला कसलीही सवलत देत नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांना दिली नाही, तर आता स्वतःला तरी कशी देणार.

त्याची एकुलती एक मुलगी योगिनी हिला मारुंजीच्या पलीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. चऱ्होलीहून तिथे जायचं तर दोन बस बदलून दोन तास. घरात एक जुनी छोटी गाडी होती, आणि योगिनीकडे कोरं करकरीत लायसन होतं. तिने गाडीने जायचं ठरवलं. तिची आई जयमाला औश्याकडची. तिला हिंजवडीच्या रस्त्यांची धास्ती होती. पुष्कळ वाद झाल्यावर तिने परवानगी दिली, पण अट घातली. गाडीनं एकदा जरी दगा दिला तर गाडी विकायची, आणि पोरीने मारुंजीतच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचं. योगिनीला गाडी सोडायची नव्हती, आणि निरंजनला योगिनीला सोडायचं नव्हतं. तेव्हा गाडीने दगा द्यायचा नाही, ही जबाबदारी त्याने छाती पुढे काढून स्वतःकडे घेतली.

सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि हातात फक्त रविवार होता. नेहमीच्या गॅरेजात जावं, तर निरंजनला नेहमीचं गॅरेजच उरलेलं नव्हतं. चऱ्होली ते भोसरी या पट्ट्यातल्या प्रत्येक मिस्त्रीशी त्याचं कधी ना कधी वाजलं होतं. एकाने तर त्याला, तुम्हीच करा साहेब, असं म्हणून हातात पाना दिला होता. म्हणून तो मोशीजवळ नव्याने निघालेल्या एका झटपट सर्व्हिसच्या दुकानात गेला. अर्ध्या तासात गाडी तयार, अशी तिथे मोठी पाटी होती. गिऱ्हाइकांसाठी काचेची गार खोली होती, तिथे कॉफी मिळायची, आणि काचेपलीकडे आपली गाडी उचललेली दिसायची.

गाडी आत घेतली आणि कामाला आलेला माणूस थबकला. "साहेब, तुमी?" तो म्हणाला. तो गणराज होता. महाळुंग्याच्याच जुन्या घरातला, सहा वर्षांपूर्वी निरंजनच्या लाइनवर कंत्राटी कामगार म्हणून होता, आता इथे मुख्य मिस्त्री झाला होता. निरंजनला बरं वाटलं. आपल्या हाताखाली शिकलेला माणूस, म्हणजे पोरीची गाडी योग्य हातात पडली. जुन्या ओळखीपोटी गणराजने त्याला काचेच्या खोलीत न बसवता कामाच्या जागेवर खुर्ची दिली. हीच पहिली चूक, पण ती निरंजनला दिसली नाही.

त्याने खिशातून यादी काढली. एक्केचाळीस मुद्दे होते. चाकं काढून ब्रेक साफ करणं, चाकांची अदलाबदल, ऑइल, पट्टे, दिवे, सगळं. गणराजने यादी वाचली, मान डोलावली आणि कामाला लागला. त्याचा हात भराभर चालत होता. निरंजनची जीभ त्याहून भराभर चालत होती. अमुक कसं केलं, तमुक का केलं नाही, हे तो खुर्चीवरून विचारत राहिला. कंपनीत तो असंच करतो, आणि तिथे लोक त्याला घाबरून काम नीट करतात असा त्याचा समज होता. लोक नुसते घाबरत असतील, ही शक्यता त्याच्या मनात कधी आलीच नव्हती.

काम संपत आलं तेव्हा त्याने गाडीला एक फेरी मारली आणि त्याच्या मनाला थंडावा मिळाला. चारही चाकांच्या प्रत्येक नटावर पेंटच्या पेनाने दिलेला पिवळा ठिपका होता. महाळुंग्या-चाकणच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला या ठिपक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. नट नेमक्या जोराने आवळला की त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे काम झालं आहे. तपासणारा ठिपका बघतो, त्याचा साहेब ठिपका बघतो, परदेशातून येणारे ऑडिटवाले साहेबही वाकून ठिपकाच बघतात. निरंजनने सोळा नट मोजले, सोळा ठिपके मोजले. एकाही नटाला हात लावला नाही. मग दुकानवाल्यांनी मागितली नसताना त्यांच्या कार्डावर "तपासले, ओके" असं लिहून खाली सही ठोकली.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये योगिनी गाडी मागे घ्यायची प्रॅक्टिस करत होती. निरंजन बाहेर उभा राहून तिच्या चुका सांगत होता. क्लच लवकर सोडतेस, गिअर ओढतेस, आरशात बघत नाहीस. नऊ चुका निघाल्या. शेवटी त्याने गाडीच्या टपावर थाप मारून सांगितलं, "गाडी शंभर टक्के ओके आहे, मी स्वतः तपासलीय. आता कुठे काही आवाज आला, तर तो तुझ्या हातापायांचा समजायचा." आपण फार नेमकं बोललो, असं त्याला वाटलं.

सोमवारी योगिनी वेळेवर घरी आली. नोकरी छान आहे म्हणाली, जेवणही छान मिळतं म्हणाली. जयमाला खाली भाजी आणायला गेल्यावर मात्र ती निरंजनजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मागच्या डाव्या चाकाचे चारही नट सैल होते. हाताने फिरत होते. तुम्ही तपासले होते ना?"

सकाळी मोशी ओलांडल्यावर मागून टकटक येऊ लागली होती. तिने गाडी बाजूला घेतली, डिकीतला पाना काढला, मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि नट आवळले. एवढंच तिने सांगितलं. आईला सांगू नका, ही विनंती केली.  निरंजनच्या डोळ्यांसमोर जे यायचं ते सगळं येऊन गेलं. निसटलेलं चाक, मागून येणारा कंटेनर, मोशीच्या चौकातली गर्दी. पोरगी समोर धडधाकट बसलेली असताना त्याला रडू येऊ लागलं. ते येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून त्याने रागाला पुढे केलं. राग त्याच्याकडे कायम तयार असतो.

मंगळवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर तो मोशीला उतरला. कंपनीच्या बसमध्ये त्याने सगळं भाषण बसवलं होतं, आणि दुकानाच्या मालकासाठी तक्रारीचं पत्रही लिहून खिशात ठेवलं होतं. काचेच्या खोलीत सहा-सात गिऱ्हाइकं कॉफी पीत बसली होती. ऐकायला माणसं आहेत म्हटल्यावर त्याला जोर आला. त्याने दारातूनच सुरुवात केली. हे दुकान नाही, हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे. माझी मुलगी थोडक्यात वाचली. नट सैल आणि वर पिवळा ठिपका, म्हणजे ही शुद्ध फसवणूक आहे. कॉफी पिणारे थांबले. एका गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि ते आपल्या गाडीची चाकं बघायला बाहेर गेले.

गणराज हात पुसत आला. ताई बऱ्या आहेत ना, हे त्याने आधी विचारलं, दोनदा विचारलं. मग तो मान खाली घालून उभा राहिला. निरंजनला उलट उत्तर हवं होतं, म्हणजे भाषणाचा दुसरा भाग काढता आला असता. ते मिळेना, तेव्हा त्याने बोट रोखून विचारलं, "न आवळलेल्या नटावर ठिपका दिला कुणी?"

"मीच दिला, साहेब."

"आवळायच्या आधी?"

"व्हय. आधी ठिपका, मग पाना. तुमचंच कायझेन हाय ते."

 सहा वर्षांपूर्वीचा कॅन्टीनचा फळा निरंजनच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. कामात सुधारणा सुचवली की कंपनीत तिला कायझेन म्हणतात, आणि सुचवणाऱ्याचा फोटो महिनाभर त्या फळ्यावर लागतो. त्या वर्षी निरंजनने सुचवलं होतं की एक नट आवळा, पेन उचला, ठिपका द्या, पेन ठेवा, हे वारंवार कशाला? भाग समोर आला की आधी सगळे ठिपके एकदम द्यावेत आणि मग सगळे नट एकदम आवळावेत. दर भागामागे अकरा सेकंद वाचत होते. बक्षीस म्हणून स्टीलचा कॅसरोल मिळाला होता, आणि दिवाळीत औश्याला जाऊन त्याने तो सासुरवाडीलाही दाखवला होता.

गणराजने तो धडा मन लावून घेतला होता. या दुकानात आल्यावर त्याने तीच पद्धत चालू केली. गाड्या अर्ध्या तासात निघू लागल्या, मालक खूश झाला, गणराज मुख्य मिस्त्री झाला. हे सांगताना त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट उपकार मानल्याचा सूर होता, आणि तोच निरंजनला जास्त झोंबला.

कंपनीत त्या पद्धतीने कधी काही बिघडलं नव्हतं, कारण तिथे नट आवळणारं यंत्र मोजत होतं. शेवटचा नट आवळल्याशिवाय ते भाग सोडतच नव्हतं. ठिपका आधी दिला काय, नंतर दिला काय, सारखंच. म्हणजे त्या लाइनवर खरी राखण यंत्र करत होतं, आणि निरंजन बावीस वर्षं रांगोळी तपासत होता. इथे मोजणारं यंत्र नव्हतं, नुसता गणराज होता.

तरीही निरंजनने हातपाय मारून पाहिले. बरं, ठिपका आधी दिला, पण पाना का नाही मारला? तीन चाकांना मारला, चौथ्याला का नाही? गणराज सांगेना. इकडे बघ, तिकडे बघ, असं त्याने केलं. फारच आग्रह झाला तेव्हा तो बोलला, आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला.

"चौथ्या चाकाला बसलो व्हतो साहेब. तुमी तीनदा उठवलं. एकदा वायपरला, एकदा दाराला माज्या हाताचा डाग पडला म्हून, आन् एकदा स्टेपनीची हवा बगायला. परत आलो तवा ठिपके दिसले. ठिपका हाय म्हंजी झालंय, असं तुमीच शिकवलेलं. पर चूक माजीच हाय. हात लावून बगायला पायजे व्हतं."

 आपलेच दात, आपलेच ओठ. हात लावून बघायला हवं होतं हे निरंजनलाही लागू होतं, आणि त्याला तर त्याचा पगार मिळत होता. कोपऱ्यातल्या एका तरुणाने नम्रपणे विचारलं, काका, कायझेन म्हणजे काय हो?  तक्रारीचं पत्र खिशातच राहिलं. निघताना गणराजने त्याला कॉफी दिली आणि त्याने ती उभ्याउभ्या प्यायली. कपाची कड बघायचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

घरी आला तर जयमाला योगिनीचा सोमवारचा कुर्ता हातात धरून बसली होती. बाहीवर काळं ग्रीस होतं. ऑफिसात बसून काम करणाऱ्या पोरीच्या बाहीला ग्रीस कसं लागतं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. योगिनी काहीतरी गुळमुळीत सांगत होती. जयमालाने तिला हाताने थांबवलं आणि निरंजनकडे बघितलं.

"तुम्ही सांगा. काय लपवायलाव तुम्ही दोघं?"

दोन सोपे रस्ते समोर होते. एक, योगिनीच्या खोट्याला मान डोलवायची. दुसरा, सगळं दुकानाच्या माथी मारायचं. दुकानाचं नाव घेतलं असतं तर त्याची लाज राहिली असती, पण गाडी दगा देते हे सिद्ध झालं असतं आणि पोरगी मारुंजीला गेली असती. मध्ये तिसराही एक रस्ता होता, आणि तो त्याच्या नाकावरून जात होता. तो खुर्ची ओढून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. नट, ठिपके, सही, कायझेन, वायपर, दाराचा डाग, काहीही वगळलं नाही. गाडीत दोष नाही, पोरीत नाही, गणराजमध्ये निम्मा आहे आणि उरलेला सगळा माझा आहे, असं तो म्हणाला.

 ऐकता ऐकता जयमालाचे खांदे हलायला लागले. कॅसरोलपर्यंत आल्यावर तिला आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या माणसाने माझ्या प्रत्येक भाकरीला कड मोजली, आणि चार नट मोजता आले नाहीत, असं काहीसं ती हसण्याच्या अधेमधे म्हणत होती. निरंजनही हसला. आपल्यावर हसण्यात एक मोकळेपणा असतो, तो त्याला पहिल्यांदाच मिळत होता, आणि तो जरा जास्तच हसला.

योगिनी हसत नव्हती.

"बाबा, मी लगेच थांबले नव्हते," ती म्हणाली. "टकटक सुरू झाली तरी दीड-दोन किलोमीटर चालवली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही म्हणाला होता ना, आवाज आला तर तो माझ्या हातापायांचा. मी क्लच हळू सोडून बघितला, गिअर बदलून बघितले. चाक हलायला लागलं तेव्हा थांबले."

जयमालाचं हसू जागच्या जागी विरलं. निरंजनला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. नट सैल राहिले ती चूक गणराजबरोबर वाटून घेता आली असती. ही वाटून घ्यायला कुणी नव्हतं. तेवीस वर्षं रोज थोडं थोडं करून आपण या पोरीला एवढंच पक्कं शिकवलं की काही बिघडलं तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा. आणि त्यापायी ती काल मरता मरता राहिली. "चुकलं माझं, बाळा," एवढंच त्याला बोलता आलं, आणि तेही नीट बोलता आलं नाही.

 मग जयमालाने गाडीचं काय करायचं ते विचारलं. निरंजनला नाही, योगिनीला विचारलं. योगिनी म्हणाली की ती गाडीनेच जाणार, फक्त इथून पुढे चाकं तीच बघणार. जयमालाने कुर्ता घडी घालून बाजूला ठेवला. धुवायला टाकते, म्हणाली, आणि विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

बुधवारपासून निरंजनची दुसरी शिफ्ट लागायची होती, त्यामुळे त्या सकाळी तो घरी होता. योगिनी पाना घेऊन पार्किंगमध्ये उतरली, तसा तोही मागोमाग उतरला. जयमाला जिन्याच्या पायरीवर उभी राहिली. योगिनी एकेका चाकाशी बसून नट आवळत होती. तिने पाना जरा तिरका धरला होता. कपडे मळतील अशी बसली होती. समोरासमोरचे नट आवळायचे सोडून ओळीने आवळत होती. तीन चुका निरंजनला उभ्या उभ्या दिसल्या आणि तिन्ही त्याच्या जिभेवर आल्या. त्याने हात मागे बांधले आणि तोंड मिटून धरलं. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

सोळा नट झाले. योगिनी उठली, घाम पुसला आणि सवयीने त्याच्याकडे बघून म्हणाली, "ओके आहे ना, बाबा?"

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "तू लावलास. तूच सांग."

ती क्षणभर घुटमळली. मग पुन्हा मागच्या डाव्या चाकापाशी बसली, चारही नटांवर एकदा जोर देऊन बघितला, एक किंचित फिरला, तो आवळला. ओके, असं स्वतःशीच म्हणून तिने पाना डिकीत टाकला आणि गाडी सुरू केली. गेटपाशी वळताना गिअर कर्रकन ओरडला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं, इतका मोठा आवाज होता. गाडी रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

जयमालाने नवऱ्याकडे बघितलं. "आवाज आला का हो कशाचा?"

"नाही बुवा," निरंजन म्हणाला, "मला तर काही आला नाही."